गोठलेल्या जमिनीतही पाणी चालतं

सैबेरियातल्या याकुत्स्क इथे फ्योदोर शेर्गिन या व्यापारी कारभाऱ्याने पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. १८३७ साली काम थांबलं तेव्हा ती ११६ मीटर खोल गेली होती, आणि तळाची मातीही गोठलेलीच होती. १८४४ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ मिडेनडॉर्फ यांनी त्याच विहिरीत उतरत्या खोलीवर तापमान मोजलं. जमीन इतकी खोलवर गोठलेली असू शकते, याला आता मोजमापाचा आधार मिळाला. अशा जमिनीत पाणी जागच्या जागी दगड होऊन बसतं, असं वाटणं स्वाभाविकच होतं.

पण थंड देशांत दर हिवाळ्यात रस्ते फुगून वर येत, शेतात नवे धोंडे उगवल्यासारखे दिसत. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं, म्हणून जमीन उचलली जाते, असं सांगितलं जाई. हिशेब मात्र जुळत नाही. मीटरभर मातीत ४० टक्के पाणी धरलं, तरी फुगवटा साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास येतो. रस्ते त्याहून पुष्कळ जास्त उचलले जात.

हा गुंता अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाचे भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९२९-३०च्या सुमारास सोडवला. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेन्झीन भरलं. बेन्झीन गोठताना आकसतं; तरीही माती वर उचलली गेली! मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण फुगण्याचा मुद्दाच त्याने बाजूला सारला. जमीन उचलते ती खालून ओढून आणलेल्या नव्या पाण्यामुळे.

मातीच्या कणांना चिकटलेला पाण्याचा अतिपातळ थर शून्याखालीही द्रव राहतो. बर्फावर असा थर असावा, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८५०मध्येच सुचवलं होतं. गोठण्याच्या सीमेवर ओढ निर्माण होते, आणि वातीतून तेल चढावं तसं खालचं पाणी थंडीच्या दिशेने चढतं. तिथे निव्वळ बर्फाचे पापुद्रे साचत जातात. वाळूत ही ओढ दुबळी. घट्ट चिकणमातीत ओढ भरपूर, पण वाट अरुंद. सगळ्यात वाईट ती बारीक गाळाची माती, तिच्यात दोन्ही जुळून येतं. रस्त्याखाली खडीचा थर घालतात तो बरंचसं ही वाट तोडण्यासाठीच.

खरं नुकसान दिसतं वसंतात. वरचा बर्फ आधी वितळतो, खालची जमीन अजून गोठलेली असते, त्यामुळे साठलेलं पाणी निचरत नाही आणि रस्त्याचा पाया चिखल होतो. म्हणूनच कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत त्या काही आठवड्यांत अवजड ट्रकांवर वजनमर्यादा घालतात.