काश्मीरच्या बागा आणि डोंगराचं पाणी

काश्मीर बघून आलेल्या बहुतेक मराठी घरांत एक फोटो सापडतोच: अंगात भाड्याचा काश्मिरी पोशाख, हातात फुलांची परडी, मागे शालिमार नाहीतर निशात बागेतली कारंजी. फोटो काढणारा पाठ करून उभा असतो ती खरी बघण्याची बाजू. कारण या बागेचा आराखडा ठरला तो वरच्या डोंगरावरून, पाणी कुठून येतं त्यावरून.

मुघलांची बागेची मूळ कल्पना सपाट जमिनीवरची. चौकोनी चारबाग, मधोमध हौद, चार दिशांना चार पाट. आग्र्यात त्यासाठी यमुनेचं पाणी बैल जुंपून वर खेचावं लागे. झेलमच्या खोऱ्यात हा खटाटोप करायची गरजच नव्हती. वितळणारा बर्फ आणि डोंगरातले झरे पाणी उंचावर आणून देतात, तेही नेमकं उन्हाळ्यात. मग चौकोन ताणला गेला, लांबट झाला आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतार उतरू लागला.

जहांगीरनं १६१९ साली शालिमार घडवली, तेव्हा हारवनकडून येणारा ओढा पाटात बांधून थेट बागेच्या मध्यातून नेला. उतार सौम्य, म्हणून पाणीही संथ. निशात बाग नूरजहाँचा भाऊ आसफ खान याची, १६३३ सालची. ती जबरवान डोंगराच्या पायथ्याशी जास्त चढावर आहे. मुळात तिचे बारा थर, समोर दल सरोवर. तिथे पाणी धावतं आणि आवाजही करतं. माझं मत विचाराल तर निशातच सरस. शालिमारला दरबारी थाट आहे, पण डोंगर आणि तलाव दोन्ही बागेत ओढून घेण्याची हुशारी निशातची.

कारंज्यांना पंप नव्हते. वरच्या थरावरच्या पाण्याची पातळी कारंज्याच्या तोंडापेक्षा दोन मीटर उंच असेल, तर धार दोन मीटरच्या आतच राहणार. नळातलं घर्षण आणि हवेचा अडथळा आपापला वाटा घेतातच. खरी डोकेदुखी वेगळी आहे. एकाच नळावर ओळीनं कारंजी बसवली की पहिलं उसळतं आणि शेवटचं मलूल पडतं. ताजमहालाच्या कारागिरांनी प्रत्येक कारंज्याखाली तांब्याचं भांडं बसवून दाब सारखा केला. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्यांना ही विद्या परकी वाटू नये. तिथेही लांबच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून केवळ उताराच्या जोरावर येतं.

एका थरावरून दुसऱ्यावर पाणी उतरतं ते तिरप्या दगडी फरशीवरून. तिला ‘चादर’ म्हणतात. फरशी गुळगुळीत असती तर पाण्याचा पारदर्शक पडदा सरकला असता, बघायला काहीच नाही. म्हणून दगडावर उठावदार नक्षी कोरली. प्रत्येक उंचवट्याला आपटून पाणी फुटतं, हवा आत ओढतं. त्या बुडबुड्यांवर प्रकाश विखुरतो म्हणून चादर पांढरी दिसते. खळखळही मुख्यतः याच बुडबुड्यांच्या कंपनाची. तुषारांचं बाष्पीभवन होताना जवळची हवा थंड होते, ती वरकमाई. जिथे पाणी सरळ खाली पडतं, तिथे मागच्या भिंतीत कोनाडे: दिवसा फुलं, रात्री दिवे. औरंगजेबाच्या काळात दक्षिण काश्मीरमधल्या अचबलच्या बागेत गेलेल्या फ्रेंच वैद्य बर्नियेनं धबधब्यामागचे असे दिवे पाहून लिहून ठेवलं आहे.

पाणी एकच आणि बागा दोन, म्हटल्यावर भांडण आलंच. निशातचं पाणी शालिमारच्याच प्रवाहातून येई. आसफ खान हा जहांगीरच्या मुलाचा, शाहजहानचा सासरा. सासऱ्याची बाग इतकी देखणी निघाली की शाहजहाननं तिचं पाणीच तोडलं, अशी गोष्ट सांगतात. एका नोकरानं आपल्या धन्याचा, आसफ खानाचा, उतरलेला चेहरा पाहून ते गुपचूप सोडलं म्हणे. गोष्ट खरी असो वा नसो, वरच्या अंगाला बसलेल्याच्या हाती खालच्याची बाग असते, हे कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेती असलेल्याला सांगावं लागत नाही.

दक्षिणेकडच्या अचबलचा मामला आणखी गुंतागुंतीचा. नूरजहाँच्या नावानं ओळखली जाणारी ही बाग डोंगराच्या पायथ्याशी फुटणाऱ्या झऱ्यावर उभी आहे. हा झरा चुनखडीच्या खडकातला. पावसाचं, बर्फाचं किंचित आम्ल पाणी भेगांमधून जाताना चुनखडी विरघळवतं आणि हजारो वर्षांत आत बोगदे तयार होतात. शेजारच्या खोऱ्यातल्या ब्रिंगी नदीचं पाणी अशा वाटांनी अचबलला येतं, असं अभ्यासक मानतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये वंदेवलगामजवळ ब्रिंगीच्या पात्रात विवर पडलं आणि नदीच त्यात उतरली. खालचं पात्र कोरडं, त्यात ट्राउट मासे तडफडत.

अशा झऱ्याचा साठा मोठा नसतो. वाळूच्या थरात पाणी हळूहळू झिरपतं, इथे ते रुंद वाटांनी धावत निघून जातं. त्यामुळे हिवाळ्यात बर्फ कमी पडला की परिणाम लगेच दिसतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये, कोरड्या हिवाळ्यानंतर, अचबलचा झरा आटला. बागेबरोबर त्याच्यावर अवलंबून असलेल्या गावांचं पिण्याचं पाणीही अडलं.