व्हिडिओच्या जड कामात घरचा कॉम्प्युटर क्रॅश होणं

गेम खेळताना, व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना, फोर-के व्हिडिओ बघताना किंवा थ्रीडी रेंडर लावल्यावर कॉम्प्युटर अचानक बंद पडणं, आपोआप रिस्टार्ट होणं, हँग होणं, निळी स्क्रीन येणं, हे सगळं या एका तक्रारीत येतं. टायपिंग, मेल, नेट यासाठी तोच कॉम्प्युटर दिवसभर नीट चालतो, त्यामुळे बहुतेक जण सरळ म्हणतात की ग्राफिक्स कार्ड गेलं आणि नवीन कार्ड घेऊन मोकळे होतात. कधीकधी ते बरोबरही निघतं. पण जड व्हिडिओच्या कामात कार्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), पंखे या सगळ्यांना एकाच वेळी जोर लावावा लागतो आणि त्यातला जो कच्चा असेल तो नेमका तेव्हाच उघडा पडतो, म्हणून नुसत्या क्रॅशच्या वेळेवरून कार्डाला दोषी धरता येत नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरचं प्रकरण. या प्रोसेसरवर अनरिअल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनवलेले गेम सुरू होता होताच 'व्हिडिओ मेमरी संपली' अशा अर्थाचा मेसेज देऊन बंद पडायचे, कार्डावर मेमरी भरपूर मोकळी असली तरी मेसेज तोच, आणि लोक बिचारे ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवता यावं यासाठीचं सॉफ्टवेअर) बदलत बसायचे. मुळात गेम सुरू होताना शेडर (कार्डाने चित्र कसं रंगवायचं ते सांगणारे छोटे प्रोग्राम) तयार करणं आणि डेटा डिकम्प्रेस करणं ही कामं प्रोसेसर करतो, तिथे त्याची आकडेमोड चुकत होती आणि त्या चुकीचं खापर व्हिडिओ मेमरीवर फुटत होतं. जुलै २०२४ मध्ये इंटेलने सांगितलं की मायक्रोकोडमधल्या, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमधल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतोय, ऑगस्ट २०२४ पासून बायोस (मदरबोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमधून त्यावर उपाय यायला लागला आणि वॉरंटीही २ वर्षांनी वाढवली गेली. मात्र जो प्रोसेसर आधीच खराब झालाय तो या अपडेटने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. या पिढ्यांचा आय७ किंवा आय९ असेल तर बाकी काहीही करायच्या आधी बायोस अपडेट करावं.

कसा बंद पडतो ते बघणं

निदानाची सुरुवात इथून करावी, आणि यासाठी काहीही विकत घ्यावं लागत नाही, फक्त नीट लक्ष द्यावं लागतं. प्लग खेचल्यासारखा फट्कन बंद झाला, निळी स्क्रीन नाही, काही नाही, तर संशय एसएमपीएसवर, किंवा प्रोसेसर इतका तापला की बोर्डाने स्वतःच वीज तोडली. स्क्रीन काळी पडली पण गाण्याचा किंवा गेमचा आवाज चालूच आहे, तर कॉम्प्युटर जिवंत आहे आणि अडचण कार्ड, ड्रायव्हर किंवा केबलच्या बाजूला आहे. आवाज अडकून एकच घरघर येत राहिली तर अख्खी सिस्टिम गोठली आहे. गोठायच्या आधी स्क्रीनवर रंगीत चौकोन, आडव्या-उभ्या रेघा, चमकणारे ठिपके दिसले तर कार्डाच्या मेमरीकडे बघावं, आणि तेच ठिपके बायोसच्या स्क्रीनवरही दिसत असतील तर ड्रायव्हरचा काही संबंधच उरत नाही, राहिले केबल, मॉनिटर आणि कार्ड. निळी स्क्रीन येते पण दर वेळी कोड वेगळा, तर आधी रॅम.

दुसरी गोष्ट म्हणजे किती वेळाने. काम सुरू केल्यावर दोन-चार सेकंदांत गेला तर बहुधा विजेचं प्रकरण, पंधरा-वीस मिनिटं छान चालून मग गेला तर उष्णता. आणि एकाच व्हिडिओच्या एकाच जागी दर वेळी अडकत असेल तर हार्डवेअर बाजूला ठेवून ती फाइल, कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) किंवा टाइमलाइनवरचा तो इफेक्ट तपासावा, ती क्लिप काढून एक्स्पोर्ट लावून बघितलं की लगेच कळतं.

विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर म्हणून एक पान आहे, त्यात तारखेनुसार कुठला प्रोग्राम कधी पडला ते दिसतं, बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं. इव्हेंट व्ह्यूअर हा विंडोजचाच नोंदी दाखवणारा प्रोग्राम त्याहून खोल जातो. तिथे 'कर्नेल-पॉवर ४१' दिसलं की लोक एसएमपीएस बदलायला धावतात, पण ४१चा अर्थ इतकाच की मागच्या वेळी विंडोज नीट शटडाउन न होता बंद झालं, कशामुळे ते त्यात नसतं. त्याच्या एक-दोन मिनिटं आधीच्या नोंदी जास्त कामाच्या. निळी स्क्रीन आली असेल तर मिनिडंप नावाची क्रॅशच्या क्षणाची फाइल तयार होते, ती मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी या प्रोग्राममध्ये उघडली की कुठल्या ड्रायव्हरचं नाव येतं ते बघता येतं, पण पुन्हा तेच, नाव आलं म्हणजे तोच गुन्हेगार असं नाही, रॅम खराब असेल तर कुणाचंही नाव येऊ शकतं. लिनक्सवर जर्नलसीटीएल या कमांडने आधीच्या बूटचा लॉग काढावा, एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्यात एक्सआयडी नावाचे एररचे नंबर येतात, त्यातला ७९ म्हणजे कार्ड पीसीआय बसवरून (कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या वाटेवरून) गायबच झालं, यामागे बहुतेकदा वीज, उष्णता किंवा सैल बसलेलं कार्ड असतं.

ड्रायव्हर

विंडोज व्हिस्टापासून टीडीआर नावाची सोय आहे. कार्डाने दिलेल्या कामाला २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज कार्ड अडकलं असं समजून त्याला रिसेट करतं, तेव्हाच स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते आणि डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला असा मेसेज येतो. रिसेट जमलं नाही तर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर'ची निळी स्क्रीन. रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, ही २ सेकंदांची मर्यादा वाढवा असा सल्ला सगळीकडे मिळतो. जड रेंडरमध्ये कार्डाला खरंच जास्त वेळ लागत असेल तर तो ठीक आहे, पण गेममध्ये किंवा साधा व्हिडिओ बघताना असं होत असेल तर मर्यादा वाढवून फक्त काळी स्क्रीन जास्त वेळ बघावी लागते.

ड्रायव्हर नवाच चांगला हेही खरं नाही. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाचा १९६.७५ हा ड्रायव्हर पंख्याचा वेग नीट सांभाळत नव्हता, कार्डं तापायला लागली आणि कंपनीला तो मागे घ्यावा लागला. म्हणून त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर आधीचा ड्रायव्हर टाकून बघणं अगदी रास्त आहे. वरच्यावर ड्रायव्हर चढवण्यापेक्षा सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने जुना मुळापासून काढावा, नेट बंद ठेवावं म्हणजे विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर टाकत नाही, आणि मग हवा तो टाकावा.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी फार लोक सांगत नाहीत. व्हिडिओ डिकोड करणारा भाग चिपवर वेगळा असतो, थ्रीडी काढणारे कोर वेगळे. त्यामुळे तासन्‌तास गेम चालतो पण ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला की क्रॅश, किंवा याच्या बरोबर उलट, हे दोन्ही शक्य आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सेलरेशन (व्हिडिओचं काम कार्डाकडे द्यायची सोय) बंद करून तोच व्हिडिओ बघावा, आता नीट चालला तर संशय डिकोडरच्या वाटेवर, म्हणजे बहुधा ड्रायव्हरवर. शिवाय व्हिडिओ बघताना कार्ड पूर्ण वेगात नसतं, मधल्याच वेगात असतं, आणि अंडरव्होल्ट केलेली, म्हणजे मुद्दाम कमी व्होल्टेजवर चालवलेली कार्डं नेमकी तिथे डगमगतात. गेममध्ये टेस्ट पास झाली म्हणून अंडरव्होल्ट बरोबर आहे असं धरून चालू नये.

वीज

अनुभवी लोक सगळ्यात आधी इथे बघतात आणि नवखे सगळ्यात शेवटी. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या कनेक्टरमधून आणखी ७५, ८ पिनच्या कनेक्टरमधून १५०. दोन ८ पिन लागणाऱ्या कार्डाला एकाच केबलची दोन तोंडं लावलेली असतात, हे कॅबिनेट उघडल्यावर नेहमी दिसतं, त्या जागी एसएमपीएसमधून दोन वेगळ्या केबल ओढल्या तर काही कॉम्प्युटर तेवढ्यानेच सुधारतात. एसएमपीएसवर लिहिलेले एकूण वॅट बघून फसू नये, स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत किती वॅट लिहिलेत ते बघावं कारण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः त्यावरच चालतात. त्यातही आधुनिक कार्डं अगदी थोड्या वेळासाठी सरासरीच्या कितीतरी वर उसळी मारतात आणि जुना एसएमपीएस त्याला शॉर्ट समजून बंद होतो. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या मानकात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपर्यंत आपल्या क्षमतेच्या दुपटीची उसळी झेलावी अशी अट घातली गेली.

१२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यान राहायला हवी. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा आकडा भरवशाचा नसतो, मल्टिमीटर असेल तर लोड असताना मोजावं. कॉम्प्युटर छोट्या यूपीएसवर असेल तर एकदा थेट भिंतीतल्या सॉकेटवर लावून बघा, लोड वाढला की यूपीएसच हात टेकतो आणि सगळे कॉम्प्युटर उघडून बसतात. एसएमपीएस स्वतः मात्र उघडू नये, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

उष्णता आणि रॅम

इंटेलचे बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, एएमडीच्या रायझनपैकी बरेचसे ९५ च्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात. म्हणजे उष्णतेने आधी कॉम्प्युटर मंदावतो, बंद पडतो तो त्यानंतर. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून ठेवलं आणि क्रॅशच्या क्षणी तापमान ७० असेल तर धूळ साफ करून फरक पडायची शक्यता कमीच. कार्डाचं मात्र नुसतं सरासरी तापमान बघू नये, हॉटस्पॉटही (चिपवरची सगळ्यात गरम जागा) बघावा, दोघांत फार मोठा फरक असेल तर चिप आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट बहुधा सुकली आहे. कॅबिनेटचं झाकण काढून चालवल्यावर क्रॅश उशिरा व्हायला लागला तर हवा खेळत नाहीये. धूळ उडवताना पंखा बोटाने धरून ठेवावा, फिरू देऊ नये.

रॅमसाठी आधी बायोसमधलं रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो हे सेटिंग बंद करावं, कारण ते कारखान्यात सेट केलेलं असलं तरी ओव्हरक्लॉकच (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) असतं, मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावावा. एकही एरर आला तरी रॅम नापास, 'एकच तर आलाय' असं म्हणून सोडून देऊ नये. सगळ्या पट्ट्या लावून एरर येत असेल तर एकेक पट्टी लावून तपासावी.

ताण देऊन तपासणं

फरमार्क आणि प्राइम९५ हे ताण देणारे प्रोग्राम आहेत, फरमार्क मुख्यतः कार्डाला रगडतं, प्राइम९५ प्रोसेसर आणि रॅमला. दोन्ही वेगवेगळे चालवले तर पास आणि एकत्र लावले की बंद, हा एसएमपीएसविरुद्धचा घरबसल्या मिळणारा सगळ्यात भक्कम पुरावा. तापमानावर नजर ठेवून दहा-पंधरा मिनिटं पुरेत, लावून बाहेर जाऊ नये. दुसरी तितकीच उपयोगी चाचणी म्हणजे आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमधून कार्डाची पॉवर लिमिट (कार्डाने जास्तीत जास्त किती वीज घ्यायची ती मर्यादा) ७० टक्क्यांवर आणणं, वेग थोडा कमी होतो पण क्रॅश थांबले तर शोध वीज, उष्णता आणि कार्ड या तिघांपुरता उरतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लिहून ठेवावी, नाहीतर ड्रायव्हर, रॅम, केबल सगळं एकदम बदलून कॉम्प्युटर सुधारला तरी कशाने ते कळत नाही आणि महिन्याभराने तोच त्रास परत आला की शून्यापासून सुरुवात. आणि हे सगळं करायच्या आधी फोटो, प्रोजेक्ट, महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर घ्याव्यात, फाइल सेव्ह होता होता कॉम्प्युटर बंद पडला की ती खराब होऊ शकते आणि ती परत मिळेलच असं नाही.

कार्डच गेलं असेल तर

असंही होतं. २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपमध्ये वापरलेल्या कमजोर मटेरियलमुळे होणाऱ्या दुरुस्तीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते, आणि ॲपलने फेब्रुवारी २०१५ मध्ये २०११ च्या १५ आणि १७ इंची मॅकबुक प्रोसाठी ग्राफिक्स दुरुस्तीची मोफत योजना काढली होती. गरम-थंड होऊन होऊन चिपखालचे जोड सुटतात. असं कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा उपाय अजूनही फिरतो, तो करू नये, चाललंच तर थोडे दिवस चालतं आणि वॉरंटी मात्र कायमची जाते. कार्ड काढून स्लॉट साफ करून घट्ट बसवावं, जड कार्ड खाली झुकलं असेल तर आधार द्यावा, आणि मित्राच्या कॉम्प्युटरवर लावून बघावं. तिथेही तसंच झालं तर वॉरंटीला पाठवताना रेघा-ठिपक्यांचे फोटो, इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदी आणि क्रॅश कसा घडवून आणता येतो हे सोबत लिहून द्यावं, कारण सर्व्हिस सेंटरवाले पाच मिनिटं डेस्कटॉप चालवून 'दोष आढळला नाही' म्हणून तसंच परत पाठवतात. तोवर ऑनबोर्ड ग्राफिक्सवर काम भागतं, पण सगळ्याच प्रोसेसरमध्ये ते नसतं, जसं इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर नसतं, ते आधी बघून मगच कार्ड काढावं.