रानपिंगळा आणि तापीकाठची खोटी चिठ्ठी

खान्देशात पक्षी पाहायला येणाऱ्यांच्या दोन वाटा आहेत. एक हतनूरची. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, त्याच्या खाली धरणाचं पाणी पसरलंय आणि थंडीत तिथे बदकं उतरतात. काठावर उभं राहिलं की काही ना काही दिसतंच. दुसरी वाट शहाद्यावरून तोरणमाळकडे, सातपुड्यात. तिकडे हातभर लेन्स घेऊन आलेली माणसं बहुतेक वेळा एकाच पक्ष्याच्या मागे असतात, आणि तो असतो जेमतेम वीतभर. रानपिंगळा.

गावातला पिंगळा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या डोक्यावर ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं, पोट पांढरं, चोच मोठी. शिवाय हा घुबडकुळातला असूनही भरदिवसा सागाच्या शेंड्यावर उघड बसतो. असा पक्षी शंभर वर्षं कोणाला दिसू नये, हे नवलच.

ॲलन ह्यूम या ब्रिटिश पक्षिअभ्यासकाने 1873 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, ते आजच्या छत्तीसगडातल्या नमुन्यावरून. खान्देशातले नमुने जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने गोळा केले. तेव्हा धुळे, जळगाव, नंदुरबार असे भाग पडलेले नव्हते, सगळा मिळून एकच खान्देश जिल्हा होता. डेव्हिडसनचा शेवटचा नमुना 1884 चा. त्यानंतर शांतता.

म्हणजे, खरी शांतता. कागदावर मात्र आणखी एक नोंद होती. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या इंग्रज कर्नलच्या संग्रहात पेंढा भरलेला एक रानपिंगळा होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: मांडवी, तापीकाठ, 1914. ही मांडवी सुरतेकडची, तापी समुद्राजवळ पोचते तिथली. सर्वांत अलीकडची नोंद म्हणून अभ्यासक तिच्यावर विसंबले. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनीही हा पक्षी शोधला. हाती काही लागलं नाही. नदीच्या खालच्या अंगाला शोध, आणि पक्षी वर डोंगरात!

अमेरिकन अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी ती चिठ्ठीच तपासायला घेतली. कातडं उसवून पुन्हा भरल्याच्या खुणा सापडल्या. मूळ भरणीचा हात डेव्हिडसनचा निघाला. कर्नलसाहेबांनी संग्रहालयातला खान्देशी नमुना उचलून त्याला आपली चिठ्ठी बांधली होती. आपल्याकडे कोंबडीचोरालाही गाव वर्षानुवर्षं विसरत नाही. या गृहस्थांना मात्र हयातभर थोर पक्षितज्ज्ञ म्हणून मान मिळाला.

1914 ची नोंद बाद केल्यावर जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे जाणं भागच होतं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडे फिरले, मग शहाद्याला आले. 25 नोव्हेंबर 1997 ला शहाद्याजवळच्या रानात तो दिसला, 113 वर्षांनी. नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचाच होता, म्हणून जुन्या बातम्यांत 'धुळे जिल्हा' असं सापडतं.

पुढे तो यावल अभयारण्यात दिसला, मेळघाटात तर बऱ्यापैकी संख्येने. 2018 मध्ये जागतिक यादीत त्याचा धोका एक पायरी खाली आणला गेला, तरी तो संकटग्रस्तच आहे. त्याला जुने, ढोलीचे साग लागतात, आणि सातपुड्यात तेच तुटत आलेत. नेवाडाच्या, म्हणजे जंगल साफ करून केलेल्या शेतीला त्याचा सगळा दोष देणं सोपं, पण पोटाचा प्रश्न दुर्बिणीतून दिसत नाही. जे सहज टाळता येईल ते तरी टाळावं: मोबाइलवर त्याची शीळ वाजवून त्याला बोलावणं. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो कामधंदा सोडून धावत येतो. फोटो मिळतो, पण विणीच्या दिवसांत त्याची घरट्यावरची राखण मोडते.

अलीकडे गुजरातेत, डांगच्या पूर्णा अभयारण्यातही रानपिंगळा आढळला आहे. चिठ्ठीतल्या मांडवीपासून ते रान फार लांब नाही, पण म्हणून कर्नल खरा ठरत नाही. आणि ती पूर्णा चांगदेवची नव्हे. ती तापीला न मिळता नवसारीवरून थेट समुद्राला जाते.