प्राणीमुखी काठी

प्राणीमुखी काठी म्हणजे मुठीच्या जागी वाघ, घोडा, कुत्रा, बदक, पोपट असं एखादं डोकं हाताने कोरून रंगवलेली काठी. चालताना आधाराला होते, मिरवायला होते, आणि बहुतेकांना दोन्हीसाठी हवी असते. पुण्यात पंचाहत्तरीला आजोबांना भेट म्हणून खपून जाते, एकसष्टीला मात्र जरा जपून, काही लोकांना राग येतो.

काठीची मूठ सजवायची हौस फार जुनी. इजिप्तमध्ये 1922 साली तूतनखामेनचं थडगं सापडलं त्यात शंभराच्या वर काठ्या निघाल्या, बऱ्याच नक्षीच्या. एकोणिसाव्या शतकात युरोपात काचेचे डोळे बसवलेल्या कुत्र्याच्या तोंडाच्या काठ्यांची फॅशन होती, कळ दाबली की जबडा उघडणाऱ्यासुद्धा बनायच्या. आपल्याकडे पालखीच्या दांड्याच्या टोकाला प्राण्याचं तोंड बसवायची पद्धत आहेच. आणि पुण्यात राहून हे काम शिकायचं असेल तर आधी बाजीराव रोडवरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन अडकित्ते बघावेत. पक्षी, घोडे असे आकार आहेत, पण प्रत्येकात प्राणी तेवढाच ठेवलाय जेवढा हाताला टोचणार नाही. काठीचं सगळं गणित हेच आहे, कारण तळवा नेमका त्या प्राण्याच्या डोक्यावर बसतो आणि अंगाचा भार तिथेच येतो.

म्हणून प्राणी निवडताना "कुठला आवडतो" यापेक्षा "कुठला धरवतो" हे बघायचं. बदक आणि कुत्रा सगळ्यात सोयीचे, डोकं सपाट आणि चोच किंवा तोंड आडवं पुढे आलेलं. घोडा चालतो पण कान मागे पाडलेले पाहिजेत. उभे कान, आयाळीचे टोकदार केस, हरणाची शिंगं हे शोकेसमध्ये छान दिसतं, रोज सकाळी सारसबागेत फिरणाऱ्याच्या हातात अर्ध्या तासात वळ उठतात. गर्जना करणारा वाघ तर उघड्या जबड्यामुळे बोटाला लागतो, तोंड मिटलेला वाघ करावा, तोही वाघच दिसतो.

दुसरी गोष्ट रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा. मुठीच्या ठोकळ्यात लाकडाचा रेषा नाकापासून मानेकडे आडवा जायला पाहिजे, उभा ठेवला तर चोच किंवा नाक पहिल्यांदा काठी पडली की तुटणार. बदकाची मान फार बारीक आणि वाकडी केली की तिथे रेषा आखूड पडतो, मग कितीही चांगलं लाकूड असू दे, मोडतंच. ठोकळा साधारण 5 इंच लांब, 3 इंच उंच, दीड इंच जाड पुरतो. रंगवायचं असेल तर शिवणीचं लाकूड बेस्ट, हलकं, पटाशीला मऊ, फारसं वाकत नाही. साग टिकतो पण त्यातल्या सिलिकामुळे धार लवकर जाते आणि तेलकटपणामुळे रंग नीट धरत नाही, आधी थिनरने पुसून घ्यावा लागतो. शिसवावर रंग लावणं हा गुन्हा आहे, त्याला नुसतं पॉलिश करा. लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मिळतं, फक्त पुरतं वाळलेलं बघून घ्या, पावसाळ्यात ओलं घेऊन कोरलेलं एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हमखास तडकतं. खालच्या दांड्यासाठी कोकणातला माणगा बांबू चांगला, तो जवळजवळ भरीव असतो, आणि वाकडा असला तर शेकून सरळ करता येतो.

कोरायच्या आधी, ठोकळा चौकोनी असतानाच, खालून दांड्याच्या जोडासाठी भोक पाडायचं. डोकं तयार झाल्यावर सरळ भोक पाडणं म्हणजे नशिबावर हवाला. मग बाजूची आकृती कागदावर पूर्ण मापात काढून ठोकळ्यावर उतरवायची, करवतीने बाहेरचं उडवायचं, आणि मधोमध एक रेघ मारून ठेवायची. कोरताना ती रेघ सारखी पुसली जाते, प्रत्येक वेळी परत मारायची, नाहीतर एक गाल फुगलेला आणि एक बसलेला होतो. गोल पटाशी, चाकू, कानस एवढ्यात काम भागतं. आधी नाक-कपाळाचा उतार, मग गाल, डोळ्यांचे खळगे सगळ्यात शेवटी.

जोड 8 मिमीच्या आटे पाडलेल्या सळीने करतात, दोन्हीकडे दोन-अडीच इंच आत आणि एपॉक्सीने पक्की. नुसत्या फेव्हिकॉलवर माणसाचं वजन सोडू नये.

रंगाआधी 80, 120, 220 असे पॉलिश पेपर मारून ओल्या फडक्याने एकदा पुसायचं, उभे राहिलेले लाकडाचे बारीक तंतू परत घासायचे, मग प्रायमर. जुन्या लाकडी खेळण्यांना चिंचोक्याची खळ लावायचे, आता कोण करत बसतंय, अॅक्रिलिक प्रायमर चालतो. प्राण्याच्या केसांसाठी आधी गडद रंग पूर्ण लावून त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग ओढायचा. डोळे मात्र गणपतीच्या आखणीसारखे, शेवटी, एका बैठकीत, दोन्ही जोडीने. एक आज एक उद्या केला की प्राणी तिरळा बघतो. वरून पीयू (पॉलियुरेथेन) वार्निशचे दोन-तीन पातळ हात, कारण तळव्याचा घाम रंग खातो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारलं तर पांढरट पडतं, तेव्हा थांबावं.

लांबी रोजची चप्पल घालून, हात मोकळा सोडून, जमिनीपासून मनगटाच्या हाडापर्यंत मोजतात. साडेपाच फुटी माणसाला साधारण 33-34 इंच, काठीच्या टोकाचा रबरी बूट धरून. काही जुन्या काठ्यांच्या मुठी हस्तिदंती असतात, त्या घरात असल्या तरी विकता येत नाहीत, वन्यजीव संरक्षण कायद्याने हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे. आत पातं लपवलेली गुप्ती हा वेगळाच प्रकार, त्याच्या नादी लागू नये.

खाली टोकाला पितळी शेंबी, म्हणजे टोपी, दिसायला भारी, पण ओल्या शहाबादी फरशीवर सटकते. रबरी बूट लावा, मेडिकल दुकानात मिळतो, 19 आणि 22 मिमी असे वेगवेगळे मापाचे असतात म्हणून नेताना काठी बरोबर घेऊन जा.