हिरव्या ऑलिव्हचा सॉस

हिरव्या ऑलिव्हचा सॉस : खारवलेली हिरवी ऑलिव्ह, हिरवा पाला, लसूण आणि तेल एकत्र ठेचून किंवा जाडसर वाटून केलेला, न शिजवता वापरायचा पास्त्याचा सॉस. सॉस म्हटले की पातळ, बाटलीतून ओतता येणारे काही डोळ्यांपुढे येते. हा तसा नाही. नागपुरातल्या कोणत्याही घरात तो पानात डावीकडे वाढला तर खाणारा त्याला ठेचाच म्हणेल, आणि कृतीच्या दृष्टीने तेच नाव जास्त बरोबर आहे. करायला पंधरा मिनिटे पुरतात. पास्ता उकळतो तेवढ्या वेळात सॉस तयार होतो. हा झटपटपणा मात्र उसना आहे. फळाचा कडूपणा काढणे, त्याला आंबट-खारट चव आणणे हे सगळे काम बाटली घरी येण्याआधी मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने चाललेले असते. मुरलेल्या लोणच्याच्या एका फोडीवर वरणभाताचे जेवण निभते, त्यातलाच हा प्रकार.

फळ आणि खार : ऑलिव्ह हे भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशातले सदाहरित, दीर्घायुषी झाड. जैतून हा त्याचा मराठी पर्याय बायबलच्या भाषांतरातल्या जैतुनाच्या डोंगरामुळे टिकून आहे. दुकानात मात्र ऑलिव्हच मागावे लागते. मोगरा, जाई आणि पारिजातक हे याच कुळातले, हे वासावरून कोणाला सुचणार नाही. फळ आंबा-बोरासारखे अश्मगर्भी, म्हणजे आत एकच कठीण कोय असलेले. फुलोरा येण्यासाठी झाडाला हिवाळ्यात बरेच आठवडे सलग थंडी लागते. राजस्थानात इस्रायलमधून रोपे आणून त्याची लागवड झाली. विदर्भातली थंडी तितकी टिकत नाही. त्यामुळे नागपुरात येणारे ऑलिव्ह बाटलीतूनच येते, आणि ती बाटली बहुतेकदा स्पेनमधली असते.

हिरवे आणि काळे ही दोन वेगळी फळे नव्हेत. पूर्ण वाढलेले पण न पिकलेले फळ हिरवे. तेच झाडावर पिकू दिले तर जांभळे आणि शेवटी काळे होते. पिझ्झावरच्या एकसारख्या काळ्या चकत्यांचा झाडावर पिकण्याशी काही संबंध नसतो. ती हिरवी किंवा नुकती रंग धरलेली फळेच असतात. कॉस्टिक सोडा आणि हवेच्या साहाय्याने काळी करून तो रंग लोहाच्या क्षाराने पक्का केलेला असतो. त्यांची चव मचूळ लागते. या सॉसला त्या चालत नाहीत, आणि रंगही गढूळ होतो.

झाडावरून तोडलेले ऑलिव्ह तोंडात धरवत नाही, कारण त्यात ओल्युरोपीन नावाचे अतिशय कडू द्रव्य असते. स्पेनमधल्या प्रचलित पद्धतीत फळे काही तास कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात ठेवतात. द्रावण गराच्या साधारण दोन-तृतीयांशापर्यंत शिरले की फळे धुऊन मिठाच्या पाण्यात घालतात. तिथे दह्याच्या विरजणाला जवळचे असणारे जीवाणू फळातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि खार आंबट होत जातो. दुसरी, जुनी पद्धत सोड्याशिवायची: फळे नुसत्या खारात ठेवायची आणि कडूपणा आपोआप उतरू द्यायचा. याला बरेच महिने लागतात, थोडा कडवटपणा राहतो, आणि जाणकारांना तोच हवा असतो. हिरवा चमकदार रंग जाऊन फळाला जो पिवळट हिरवा रंग येतो, तोही आम्लाचीच करणी. कोथिंबिरीच्या चटणीत लिंबू घालून ती रात्रभर ठेवली की तिचे जे होते, तेच.

बाटलीत लाल तुकडा भरलेली ऑलिव्ह मिळतात. तो तुकडा गोडसर लाल मिरचीचा, बहुधा तिच्या लगद्याचा, असतो. तो काढून टाकण्याची गरज नाही, पण सॉसला त्याची तांबूस झाक येते. कोय असलेली ऑलिव्ह चवीला सरस. पाट्यावर ठेवून वरवंट्याने किंवा सुरीच्या पात्याने हलके दाबले की गर आपसूक सुटतो. कोय मिक्सरमध्ये गेली तर भांड्याचे पाते गेलेच समजावे.

नात्यातले पदार्थ : इटालियन स्वयंपाकात या सॉसला एक ठरलेले नाव नाही, तो तीन-चार जुन्या पदार्थांच्या वाटेवर उभा आहे. साल्सा वेर्दे म्हणजे हिरवा सॉस: पार्सली, लसूण, केपर, ॲन्चोव्ही ही खारवलेली बारीक मासळी, व्हिनेगर आणि तेल. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातल्या तापनादमध्ये ऑलिव्ह मुख्य. नाव मात्र केपरच्या स्थानिक शब्दावरून पडले. जेनोआचा पेस्टो बेसिल, चीज आणि चिलगोजाच्या जातीच्या बियांचा. पेस्टो हे नाव ज्या इटालियन क्रियापदावरून आले त्याचा अर्थ कुटणे, आणि त्याचे लॅटिन मूळ संस्कृत ‘पिष्’ या धातूचे सख्खे भावंड आहे. ‘पिष्’पासून पिष्ट आणि पिष्टापासून आपले पीठ. तेव्हा पेस्टो आणि पीठ हे लांबचे का होईना, नातेवाईक ठरतात.

केपर म्हणजे एका काटेरी झुडपाच्या खारवलेल्या कळ्या. राजस्थानातले केर त्याच प्रजातीतले. नागपूरच्या इतवारी पेठेतल्या मारवाडी घरांत केराचे लोणचे सापडते; तेल निथळून त्यातले पाच-सहा केर सॉसमध्ये टाकले तर केपरची उणीव भासत नाही. मसाला मात्र धुऊन काढावा, नाहीतर बडीशेप सगळ्यावर कडी करते.

हिरवा पाला : मूळ घटक पार्सली. तिची सपाट पानांची जात चवीला चांगली, पण नागपूरच्या बाजारात मिळाली तर कुरळ्या पानांची मिळते आणि ती गवतासारखी लागते. इथे हे काम सांबाराकडे जाते. सांबार म्हणजे कोथिंबीर. वैदर्भी घरात हाच शब्द चालतो, सांबारवडी हे नाव त्यावरूनच पडले, आणि उडुपी हॉटेलात तोच उच्चारला की वाटीतून भलतेच काही समोर येते. सांबार आणि पार्सली एकाच कुळातल्या असल्या तरी वास अगदी वेगळा. सांबार वापरलेला सॉस इटालियन लागत नाही, हे मान्य करून पुढे जावे. कोवळे देठ टाकू नयेत. वास पानांपेक्षा देठांत जास्त असतो आणि वाटणाला ओलावाही तेच देतात.

बेसिलच्या जागी तुळस वापरावी असे पुष्कळदा सुचवले जाते. सल्ला फसवा आहे. तुळशीला लवंगेसारखा उग्र वास असतो आणि चार पानेही ऑलिव्हला झाकून टाकतात. शिवाय वृंदावनातली तुळस लसणाबरोबर वाटायला घरातले कोणी तयार होईल असे नाही. खरे बेसिल आपल्याकडे आहेच, फक्त ते सब्जा या नावाने ओळखले जाते. फालुद्यात फुगणाऱ्या बिया त्याच झाडाच्या. कुंडीत सब्जा पेरला की महिन्या-दीड महिन्यात खुडण्याजोगी पाने येतात. फुलवाल्यांकडे गजऱ्यात दिसणारा मरवा ओरेगॅनोच्याच प्रजातीतला. त्याची दोन-तीन पाने बारीक चिरून घातली तर शोभतात. गजऱ्यातला मात्र घेऊ नये, फवारलेला असण्याची शक्यता असते. पुदिना दहा-बारा पानांपुरता.

या सॉसचा नागपुरी हंगाम डिसेंबर-जानेवारी. सांबार तेव्हा स्वस्त, भरगच्च आणि सुवासिक असतो, आणि आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या सालीतले तेल या सॉसला लिंबापेक्षा जास्त मानवते. संत्रे आणि ऑलिव्ह ही जोडी सिसिलीत जुनी आहे, तिथे दोन्हींची कोशिंबीर करतात. अडचण एवढीच की नागपुरी संत्र्याची साल सैल असते आणि सोलल्यावर किसणीवर टिकत नाही. अख्खे, घट्ट फळ धुऊन-पुसून आधी वरची केशरी साल किसावी, मग सोलावे. पांढरा भाग किसात आला तर सॉस कडू होतो. उन्हाळ्यात सांबार महागतो, लगेच फुलावर येतो. तेव्हा पुदिन्याचे प्रमाण वाढवून लिंबाऐवजी किसलेली कैरी घालावी. मे महिन्यातल्या नागपुरात न शिजवता होणाऱ्या सॉसचे मोल वेगळे सांगायला नको, जरी पास्ता उकळायला शेगडीपुढे उभे राहावे लागतेच.

कृती : तीन माणसांसाठी २५० ग्रॅम पास्ता धरला तर कोय काढलेली ऑलिव्ह १०० ग्रॅम (मध्यम आकाराची तीसेक), निवडलेला सांबार दोन मुठी, पुदिना, लसणाची एक मोठी पाकळी, एक हिरवी मिरची, दोन चमचे चारोळी आणि चार मोठे चमचे तेल. चिलगोजे परवडणारे नसतात. चारोळी विदर्भाच्या जंगलांतली, आकाराने त्यांच्यापेक्षा लहान, पण भाजल्यावर तसाच लोण्यासारखा स्वाद देणारी. शेंगदाणे चालतात, मात्र मग चव सरळ चटणीकडे वळते. मिरची मूळ कृतीत नसते. सावजी तर्रीवर वाढलेल्या जिभेसाठी ती एक, आणि एकच, घालावी.

लसूण आणि चारोळी आधी खलबत्त्यात कुटावी. पाला बारीक चिरून त्यात घालावा, शेवटी ऑलिव्ह. ऑलिव्हचे तुकडे हरभऱ्याच्या डाळीएवढे दिसले पाहिजेत. एकजीव वाटण झाले की प्रत्येक घास सारखाच लागतो आणि खारट फोड दाताखाली येण्याची मजा जाते. मिक्सर वापरायचा तर चटणीच्या छोट्या भांड्यात, झटके देत, आणि तेल न घालता. वेगाने फिरणाऱ्या पात्यात एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल कडू होते. ते नंतर चमच्याने मिसळावे. विदर्भातल्या घरांत जवसाचे तेल जुन्या ओळखीचे आहे, पण इथे ते नको. त्याचा वास फार पुढे येतो. घाण्याचे शेंगदाणा तेल निम्मे चालते.

मीठ घालू नये. खारवलेल्या हिरव्या ऑलिव्हमध्ये १०० ग्रॅमला साधारण ४ ग्रॅम मीठ असतेच, आणि वरून चीज येणार असेल तर तेही खारटच. सॉस बिघडतो तो बहुधा इथे: चव न बघता हात सवयीने मिठाच्या डब्याकडे जातो. खारट झालाच तर पाणी घालू नये, उकडलेला बटाटा कुस्करून मिसळावा किंवा पास्ता वाढवावा. ऑलिव्ह आधी दहा मिनिटे साध्या पाण्यात भिजवून ठेवणे हा आणखी सोपा मार्ग.

पास्ता : सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो, महाराष्ट्रात बन्सी म्हणून ओळखला जाणारा गहू त्याच जातीचा. पीठ भिजवून, आकार देऊन, वाळवून, मग उकळून खाणे ही कल्पना विदर्भाला नवी नाही. काडीवर कणीक गुंडाळून केलेले पोकळ सरगुंडे आमरसाबरोबर खाल्ले जातात. त्यांच्याकडे पाहिल्यावर मॅकरोनीचे अप्रूप राहत नाही. चिकोल्या आणि वरणफळे तर थेट वरणात शिजतात.

इटालियन प्रमाण १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ असे आहे. या सॉससाठी मीठ निम्मे करावे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, पाणी ९९ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, त्यामुळे पाकिटावर छापलेली वेळ इथे पाळता येते. एक मिनीट आधी उतरवून कणी लागते का ते पाहावे. पाणी फेकण्यापूर्वी एक कप बाजूला काढणे महत्त्वाचे. त्यातल्या पिष्टामुळे तेल आणि पाणी एकत्र धरले जाते आणि सॉस पास्त्याला चिकटतो. नाहीतर तेल ताटलीत आणि पाला वर, असे होते. निथळलेला पास्ता शेगडीवरून उतरवलेल्या पातेल्यात घ्यावा, सॉस आणि तीन-चार चमचे ते पाणी घालून मिनीटभर जोरात हलवावे. पातेले पुन्हा आचेवर ठेवू नये, सांबार काळपट पडतो. संत्र्याचा किस आणि थोडा रस अगदी शेवटी. पेचदार फुसिली किंवा रेघांची पेने घ्यावी, तुकडे खाचांत अडकतात. स्पॅगेटीवरून ते घसरून तळाशी जमतात.

टिकाऊपणा : मिठाचे आणि आंबट आहे म्हणून हा सॉस लोणच्यासारखा बाहेर टिकेल असे वाटते, ते धोक्याचे आहे. तेलाखाली बुडालेल्या कच्च्या लसणात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, वास किंवा चव न बदलता. त्यामुळे तो झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. रंग पहिल्या दिवशीच उतरतो, चव दुसऱ्या दिवशी जास्त मिळून येते. उरलेला सॉस भाकरीवर किंवा तूप लावलेल्या गरम रोडग्यावर चांगला लागतो. बाटलीतला खार ओतून देऊ नये: उरलेली ऑलिव्ह त्यात पूर्ण बुडालेली राहिली तरच टिकतात, आणि ती संपल्यावर बटाटे उकडायच्या पाण्यात मिठाऐवजी तोच घालता येतो.