एपिड्युरल वेदनाशमन आणि नवजात बाळाचे वर्तन

बाळंतपणाच्या कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून कमरेच्या मणक्यांमधून बारीक नळी घालून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बधिरतेचे औषध सोडतात, त्याला एपिड्युरल म्हणतात. औषध बहुधा बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन, जोडीला थोडे फेंटानिल हे अफूवर्गीय वेदनाशामक. कमरेतून एपिड्युरल देण्याची रीत स्पॅनिश लष्करी सर्जन फिदेल पाखेस यांनी १९२१ साली मांडली.

इंदूरच्या मराठी घरांत हिला ‘पाठीतली सुई’ म्हणतात. हिंदीतल्या ‘दर्द का इंजेक्शन’ने मात्र घोटाळा होतो, कारण कळा आणणाऱ्या इंजेक्शनलाही तेच नाव आहे आणि दोन्हींची कामे अगदी उलटी. पहिलटकरीण लेक सुदामानगरला माहेरी आली की आजी विचारते, ‘त्या सुईनं बाळ सुस्त तर होणार नाही ना?’ प्रश्न रास्त आहे. आजीला गप्प बसवू नये.

औषध वारेतून बाळापर्यंत पोहोचते, हे खरेच. बुपिव्हाकेन आईच्या रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहते, त्यामुळे पलीकडे थोडेच जाते. फेंटानिल सहज जाते. शिरेतून किंवा स्नायूत दिलेल्या पेथिडीन या अफूवर्गीय वेदनाशामकाने बाळाचा श्वास मंदावू शकतो आणि त्याचा अंश बाळाच्या अंगात काही दिवस राहतो. त्या तुलनेत एपिड्युरल बाळाला सोसवते.

जन्मताच बाळाची तब्येत जोखण्यासाठी १९५२ साली अमेरिकी भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी मांडलेल्या गुणांकनात एपिड्युरलमुळे घट दिसत नाही. पण त्यात श्वास, ठोके, रंग, स्नायूंचा ताण आणि प्रतिसाद एवढेच मोजतात. बाळ ओढून पिते का, चेहऱ्याकडे बघते का, उचलून घेतल्यावर शांत होते का, हे त्यात येत नाही. १९७४ साली एका अभ्यासात एपिड्युरलमधून लिडोकेन व मेपिव्हाकेन ही बधिरतेची दुसरी औषधे दिलेल्या मातांची बाळे जागी, पण अंगाने ढिली आढळली. बुपिव्हाकेनच्या पुढच्या अभ्यासांत तसे ठळक दिसले नाही आणि आता औषध पूर्वीपेक्षा पुष्कळ पातळ करून देतात.

खरा वाद दूध पिण्याचा आहे. आईच्या उघड्या छातीवर ठेवलेले बाळ आधी हात तोंडात घालते, मग तोच ओला हात स्तनावर फिरवते, जीभ बाहेर काढते आणि सरकत सरकत स्तनाग्र शोधते. स्वीडनमध्ये २००१ साली २८ बाळांच्या चित्रफिती तपासल्या, तेव्हा वेदनाशामक घेतलेल्या मातांच्या बाळांत हातांची ही हालचाल कमी आणि रडणे जास्त आढळले. मात्र त्यांत पेथिडीन घेतलेल्या माताही होत्या, म्हणून सगळा दोष एपिड्युरलच्या माथी मारता येत नाही. फेंटानिलची मात्रा मोठी असेल तर स्तनपानात अडचण येते, असे २००५ च्या एका चाचणीत दिसले. इतर अभ्यास एकमताचे नाहीत. जन्मानंतर बाळ लगेच छातीवर दिले आणि पहिल्या तासात कोणी घाई केली नाही, तर पुष्कळसा फरक भरून निघतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एक परिणाम आडवाटेने होतो. एपिड्युरलने काही मातांना ताप येतो. तो बहुधा संसर्गाचा नसतो, पण खबरदारी म्हणून बाळाचे रक्त तपासतात, कधी प्रतिजैविकेही सुरू करतात. या धावपळीत बाळ आईपासून दूर राहिले की दूध लांबते आणि बोल लागतो सुईला.

पहिल्या तासा-दोन तासांच्या जागेपणानंतर बाळ गाढ झोपते. हे कोणत्याही बाळंतपणात घडते. मात्र बाळ उठवूनही उठत नसेल, ओढून पीत नसेल, अंग तापले किंवा गार पडले असेल, तर ‘सुईचा असर’ म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे.