ओळखचोरीचे खटले (खानदेश)

ओळखचोरीचे खटले : दुसऱ्या व्यक्तीची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा तिला इतरांपासून वेगळी ठरवणारी अन्य कोणतीही खूण लबाडीने अथवा अप्रामाणिकपणे वापरणे, या अपराधाला ओळखचोरी म्हणतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये हा अपराध मुळात नव्हता. तो २००८ च्या सुधारणेने कलम ६६ सी म्हणून आला आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. संगणक किंवा मोबाइलच्या साहाय्याने तोतयेगिरी करून ठकवणूक करणाऱ्याला कलम ६६ डी खाली तेवढीच शिक्षा होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत हे खटले सर्वसाधारणपणे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतात, त्यांवरील अपिले जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात जातात आणि त्यापुढचे अर्ज मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाखल होतात.

अपराधाचे नाव नवे असले तरी त्याची कल्पना मराठीला अपरिचित नाही. ‘तोतया’ हा शब्द पेशवाईपासून रुळलेला आहे, आणि भारतीय दंड संहितेच्या मराठी पाठातही कलम ४१९ साठी ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’ हेच शब्द आहेत. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना तिच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात हा अपराध कलम ३१९ मध्ये, ठकवणुकीने मालमत्ता मिळवणे कलम ३१८ (४) मध्ये आणि ठकवणुकीसाठी केलेले बनावटीकरण कलम ३३६ (३) मध्ये आहे. त्याआधी घडलेल्या कृत्यांना जुनीच संहिता लागत असल्यामुळे दोन्ही संहितांखालील प्रकरणे न्यायालयांपुढे बरोबरीने चालू राहतात.

खानदेशात माणसाच्या ओळखीची कागदपत्रे दुसऱ्याच्या हाती पडण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. पीककर्ज, केळीचा हवामान आधारित फळपीक विमा, ठिबक सिंचनाचे अनुदान, नवे सिमकार्ड, ग्राहक सेवा केंद्रातून अंगठा लावून काढलेले पैसे अशा प्रत्येक कामात आधारची प्रत, सातबाराचा उतारा, पासबुकाचे पहिले पान आणि बोटाचा ठसा दिला जातो. अंगठ्याचा ठसा हीदेखील कलम ६६ सी च्या अर्थाने ‘वेगळी ठरवणारी खूण’ असल्याने त्याची नक्कल वापरून खात्यातून रक्कम उचलणे हा अपराध ठरतो. दुय्यम निबंधकापुढे मालकाच्या जागी भलताच माणूस उभा करून खरेदीखत नोंदवणे हा या अपराधाचा जुना भाऊबंद म्हणता येईल. त्याला नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

प्रकरणाची सुरुवात १९३० या मदतक्रमांकावरील तक्रारीने, जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या कोणत्याही ठाण्यात होते. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याची पंचाईत फिर्यादीने करायची नसते. इलेक्ट्रॉनिक संदेशाद्वारे केलेल्या ठकवणुकीचा खटला, संदेश जेथून पाठवला गेला किंवा जेथे मिळाला त्यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायालयात चालू शकतो, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचे, कलम २०२ सांगते. त्यामुळे आरोपी परराज्यात असला तरी यावलच्या फिर्यादीचा खटला यावलला उभा राहू शकतो. तपास मात्र पोलीस निरीक्षकाहून कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने करता येत नाही, आणि ही अट मोडली असल्यास बचाव पक्ष पहिले बोट तिच्यावरच ठेवतो.

कलम ६६ सी आणि ६६ डी दखलपात्र पण जामीनपात्र आहेत. प्रथम माहिती अहवालात त्यांच्या जोडीला ठकवणूक आणि बनावटीकरणाची कलमे आली, की ती अजामीनपात्र असल्याने आरोपीला जामिनासाठी न्यायालयापुढे अर्ज करावा लागतो. या जोडकलमांवर कायद्याचा वादही आहे. ज्या कृत्याला माहिती तंत्रज्ञान अधिनियमात स्वतंत्र शिक्षा आहे, त्याच कृत्यासाठी दंड संहितेचे कलम लावता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने गगन हर्ष शर्मा प्रकरणात २०१८ मध्ये म्हटले. एकाच कृत्याला दोन कायदे लावले आहेत की कृत्येच दोन आहेत, हे त्यामुळे प्रत्येक प्रकरणात तपासावे लागते. खोटे कागद तयार करणे आणि नंतर त्यांवर दुसऱ्याच्या नावाने खाते चालवणे ही दोन कृत्ये वेगळी दाखवता आली, तर दोन्ही आरोप टिकण्याची शक्यता वाढते.

या खटल्यांतील सर्वांत अवघड स्थिती अशी, की ज्याची ओळख चोरली गेली तोच पुष्कळदा आरोपी म्हणून पुढे येतो. ठकवणुकीची रक्कम ज्या खात्यात गेली, ते खाते कागदोपत्री त्याचे असते. ज्या क्रमांकावरून फोन आला, ते सिमकार्ड त्याच्या नावावर असते. धडगाव किंवा अक्कलकुव्याचा मजूर ऊसतोडीला गुजरातेत गेला असताना त्याच्या नावाचे समन्स गावी आले, तर त्याच्यावर अजामीनपात्र वॉरंट निघायला एकदोन तारखा चुकणे पुरते. येथे तीन शक्यता वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. त्याची कागदपत्रे त्याच्या नकळत वापरली गेली असतील, तर तो गुन्ह्याचा बळी आहे. योजनेचे पैसे मिळतील असे सांगून दुसऱ्याने त्याच्याकडूनच खाते उघडून घेतले असेल, तर तोही फसवला गेलेला आहे. कमिशन घेऊन त्याने जाणूनबुजून खाते वापरायला दिले असेल, तर मात्र तो अपराधात सामील आहे. खाते उघडतानाच्या अर्जावरील छायाचित्र, सही, बँकेतील कॅमेऱ्याचे चित्रीकरण आणि त्या दिवशी तो कामावर होता याचा मुकादमाकडील हजेरीपुरावा यांवर हा निर्णय ठरतो. तपासातच निर्दोषत्व दिसले तर पोलीस त्याला साक्षीदार करू शकतात. दोषारोपपत्र दाखल झाले असल्यास कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत आरोपमुक्तीचा, म्हणजे दोषारोप ठेवण्याआधीच सोडून देण्याचा, अर्ज करता येतो. ही मुदत फार महत्त्वाची आहे, कारण विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळेपर्यंतच तिच्यातले बरेच दिवस निघून जाण्याचा धोका असतो.

पुरावा जवळजवळ सगळा इलेक्ट्रॉनिक असतो आणि त्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडावे लागते. हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या खटल्यात दिला. हा वाद अजिंठ्याच्या डोंगरापलीकडच्या जालना मतदारसंघातील निवडणुकीतून उभा राहिला होता. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ (४) खाली या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. पहिला उपकरणाची जबाबदारी असणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे नोंदीत फेरबदल झाल्यास बदलणारा तिचा सांकेतिक आकडा, लिहायचे असते. बँकेने खातेउतारा दिला पण प्रमाणपत्र दिले नाही, किंवा मोबाइल कंपनीचा अधिकारी साक्षीला आला नाही, तर फिर्यादीचे म्हणणे खरे असूनही आरोपी सुटू शकतो.

साक्ष नोंदवताना भाषेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. न्यायालयाचे कामकाज प्रमाण मराठीत चालते, तर साक्षीदार अहिराणी, लेवा गणबोली, भिली किंवा पावरी बोलतो. ‘अंगठा दिला’ आणि ‘अंगठा घेतला’ या दोन शब्दप्रयोगांत संमती होती की नव्हती, हा सगळा फरक सामावलेला आहे. भिली किंवा पावरी साक्षीसाठी दुभाषी नीट निवडणे म्हणूनच न्यायाचा भाग आहे.

पूर्ण सुनावणीशिवाय प्रकरण संपवण्याचे मुख्य मार्ग म्हणजे तडजोड आणि गुन्हा कबूल करून शिक्षेबाबत वाटाघाटी. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७७ ए नुसार ६६ सी आणि ६६ डी यांत न्यायालय तडजोड मान्य करू शकते. मात्र अपराध स्त्रीविरुद्ध किंवा अठरा वर्षांखालील मुलाविरुद्ध असेल, किंवा देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीला बाधा आणणारा असेल, तर तेथे तडजोड चालत नाही. त्यामुळे एकाच गावातील एकाच तऱ्हेच्या दोन प्रकरणांत, फिर्यादी पुरुष असल्यास तालुक्याच्या न्यायालयात मिटवामिटव होऊ शकते आणि फिर्यादी स्त्री असल्यास होऊ शकत नाही. स्त्रीवर तक्रार मागे घेण्यासाठी दबाव येऊ नये असा या तरतुदीचा परिणाम होतो आणि तो योग्यच आहे. पण रक्कम परत मिळालेल्या आणि स्वेच्छेने प्रकरण संपवू पाहणाऱ्या बाईलाही त्यासाठी लांबचा रस्ता धरावा लागतो. ठकवणुकीच्या कलमांत न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होते, बनावटीकरणात ती होत नाही आणि लोकअदालतीलाही तसे प्रकरण घेता येत नाही. मग दोन्ही पक्षांना अजिंठा किंवा कन्नडचा घाट ओलांडून खंडपीठात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो, आणि तेथे ज्ञानसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१२ च्या निर्णयाचे निकष पाहिले जातात. शिक्षेबाबतच्या वाटाघाटींचा अर्ज दोषारोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत करायचा असतो. स्त्रीविरुद्धच्या अपराधांना तो मार्गही बंद आहे.

कलम ६६ सी ची कमाल शिक्षा तीन वर्षे असल्याने न्यायालयाने दखल घेण्याची मुदतही तीन वर्षांची आहे. अपराध कोणालाच माहीत नसेल, तर तो उघड झाल्याच्या दिवसापासून ती मोजतात. कर्ज मागायला गेल्यावरच आपल्या नावावर आधीचे कर्ज असल्याचे ज्याला कळते, त्याच्यासाठी ही सवलत मोलाची आहे.

शिक्षा झाली तरी चोरीला गेलेले नाव आपोआप मोकळे होत नाही. पोलिसांनी गोठवलेली रक्कम परत मिळण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज करावा लागतो. दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून त्रयस्थाचा असेल आणि ग्राहकाने बँकेला तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार नुकसानाचा भार ग्राहकावर पडत नाही. पतविषयक नोंदीतील चूक ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तोतयाने करून दिलेले खरेदीखत रद्द करवून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा दाखल करावा लागतो. त्या दाव्याच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत महसूल कार्यालयात देऊन फेरफार मंजूर करून घेतल्यावरच सातबारावर मूळ मालकाचे नाव पुन्हा लागते.